झाकण उघडे ठेवलेले यंत्र

जुन्या रेडिओच्या पाठीमागे पुठ्ठ्याचे एक झाकण असे, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. चार स्क्रू काढले की ते सुटे होई. आत काचेचे व्हॉल्व्ह, तारांचा गुंता, आणि पुष्कळदा झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटवलेला सर्किटचा नकाशा. त्या रेडिओसाठी टपाल कचेरीत जाऊन दरसाल परवान्याचे पैसे भरावे लागत. ती पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. परवाना सरकारचा होता खरा, पण झाकण आपले होते. ज्याला हौस असेल त्याने ते उघडावे, सोल्डरिंगची कांडी तापवावी आणि बिघडलेला भाग बदलावा. त्याला कोणी हरकत घेत नसे.

नगरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला नको. (अहमदनगर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाले, बोलण्यात ते पूर्वीही नगरच होते.) १९७०च्या दशकापासून येथल्या कायनेटिकच्या कारखान्यातून लुना बाहेर पडू लागली, आणि ज्यांच्या घरी ती आली त्यांनी प्लग साफ करणे, कार्बोरेटर उघडणे ही कामे अंगणात बसून केली. वस्तू आपली म्हणजे ती उघडण्याचा हक्कही आपला, हे कोणी कायद्याच्या पुस्तकात पाहून ठरवले नव्हते.

आज ज्या यंत्राविषयी लिहायचे आहे, त्याच्या बाबतीत मात्र या हक्कासाठी भांडावे लागले. ते यंत्र म्हणजे घरातला कॉम्प्यूटर, आणि त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी ती छोटी, लुकलुकत्या दिव्यांची पेटी.

कॉम्प्यूटर चालतो तो एका न दिसणाऱ्या कारभाऱ्याच्या जिवावर. कळ दाबली की अक्षर कोठे ठेवायचे, डिस्कवर जागा कोणाला द्यायची, चार कामे एकदम आली तर आधी कोणते हाती घ्यायचे, हे सगळे तो पाहतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. हा कारभारी लोखंडाचा नाही, तो लिहिलेला असतो. माणसाने लिहिलेल्या त्या सूचनांना सोर्स म्हणतात. यंत्रासाठी त्यांचे रूपांतर केले की यंत्राला त्या कळतात, माणसाला वाचता येत नाहीत. विकणारे बहुधा हे दुसरे रूप तेवढे हाती देतात. खानावळवाला भाजी देतो, कृती देत नाही, यात काही वावगे नाही. पण येथे अट अशी असते, की पानात वाढलेल्या भाजीवर वरून मीठही घालायचे नाही, आणि शेजाऱ्याला घासभर द्यायची तर नाहीच!

या अटीला पहिला जोरकस विरोध झाला तो एका प्रिंटरवरून. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वरचेवर अडके. तेथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सूचनांत फेरफार करून, कागद अडकला की सर्वांच्या पडद्यावर वर्दी यावी अशी सोय केली होती. तीच सोय त्यांना नव्यातही करायची होती. पण सोर्स मिळेना. ज्या गृहस्थाकडे तो होता, त्याने कोणाला न देण्याचा करार केला होता. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी जाहीर केले, की युनिक्ससारखी एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आपण लिहिणार आणि ती सर्वांसाठी खुली ठेवणार. तिचे नाव ग्नू. १९८९ साली त्यांनी तिच्यासाठी परवानाही तयार केला. सांगायचे तर तो एवढाच: उघडा, वाचा, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटाल तर त्याचेही झाकण उघडेच ठेवा.

ग्नूची बहुतेक अवजारे तयार झाली, पण मधला गाभा काही होईना. तो आला फिनलंडमधून. हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी कळवले, की मी हौसेखातर एक सिस्टिम लिहीत आहे, आपल्या सूचना पाठवा. पुढल्याच वर्षी त्याने ती ग्नूच्या परवान्याखाली दिली. तिला लिनक्स हे नाव पडले. मग कोण कोठला ओळखदेख नसलेला माणूस आपल्या घरातल्या यंत्राला लागणारा तुकडा लिहून पाठवू लागला, आणि पाहता पाहता हौसेची वस्तू कामाची झाली.

ती आपल्याकडे कशी आली, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईत जुहूला एन.सी.एस.टी. ही सरकारी संस्था आणि पवईला आय.आय.टी.; १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातल्या या आरंभीच्या संस्था. पण ते जाळे संशोधकांचे. सामान्य माणसासाठी इंटरनेट उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने, आणि तेही प्रथम मोठ्या शहरांतच. नगरमधून कोणाला हौस असेल तर एस.टी.डी. लावून दुसऱ्या शहरातला नंबर फिरवायचा, आणि मिनिटांवर नजर ठेवून काम उरकायचे. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खाते असे, त्यात चित्रे दिसत नसत, नुसती अक्षरे. मौज अशी, की त्या खात्यापलीकडे बसलेले यंत्र युनिक्सचे असल्यामुळे कित्येकांना युनिक्सच्या आज्ञा अशा स्वस्ताईतून पाठ झाल्या.

एक साधा हिशेब मांडून पाहा. एका सी.डी.वर साडेसहाशे मेगाबाइट मजकूर मावतो. त्या वेळच्या २८,८०० बिट वेगाच्या मोडेमने तो उतरवून घ्यायचा तर टेलिफोन अखंड पन्नास तास चालू हवा. म्हणूनच १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सी.डी. वाटली, त्याचे महत्त्व फार. जे टेलिफोनने येऊ शकत नव्हते ते टपालाने आले, आणि परवानाच असा होता, की ती सी.डी. दहा जणांना उतरवून देण्यात चोरी नव्हती.

सी.डी. मिळाली म्हणजे काम झाले असे मात्र नव्हे. डिस्कचे भाग पाडताना आकडा चुकला की आधीचे सगळे पुसले जाई. पडद्याची कंपनसंख्या हाताने लिहून द्यावी लागे, आणि ती भलतीच लिहिली तर मॉनिटर जळण्याची भीती. स्वस्त म्हणून विकले जाणारे काही मोडेम तर निम्मे काम विंडोजवर सोपवणारे निघत. लिनक्सपुढे ते मुके. या भानगडीत नवशिक्याला सोबत लागे. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचे मंडळ होते, आणि २००३ पासून तेथल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ नावाचा मेळावा भरू लागला. नगरहून पुणे एस.टी.ने तीन-साडेतीन तासांवर. विद्यार्थ्याला परवडेल अशी ही शाळा होती.

आता घरातल्या जाळ्याकडे वळू. जाळे हा शब्द नवा वाटला तरी नगरला कल्पना जुनी आहे. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी शहरात पाणी आणले होते. दूरवरून एकदा आणायचे आणि येथे वाटून घ्यायचे. घरात कॉम्प्यूटर दोन आणि टेलिफोन एक, अशी वेळ आली तेव्हा प्रश्न हाच होता.

१९९०च्या दशकात दोन यंत्रे जोडण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे एक काळी, गोल केबल. ही ५० ओहमची. केबल टीव्हीची ७५ ओहमची. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी घातली की काम बिनसायचे. माळेच्या दोन्ही टोकांना टोपणे लावावी लागत, नाहीतर संदेश टोकाला आपटून परत येई आणि मागून येणाऱ्याशी टक्कर होई. मधला एक जोड निसटला की दिवाळीच्या जुन्या माळेसारखे सगळेच बंद. पुढे आठ तारांची केबल आली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी: हा क्रम ज्याने एकदा पाठ केला आणि चिमट्याने जोड दाबून बसवला, तो घरातला अर्धा इंजिनिअर झालाच म्हणून समजा.

पण तारा जोडल्या तरी बाहेरच्या जगाकडून पत्ता एकच मिळे. येथे लिनक्सने जे केले ते आपल्या वाड्यांवरून चांगले कळते. वाड्याला घरनंबर एक, आत बिऱ्हाडे सहा. टपालवाला दारापर्यंत येतो, पत्रे मालकाच्या हाती देतो, आणि कोणते कोणाचे हे मालकाला ठाऊक असते. आतल्या बिऱ्हाडांसाठी १९९६ साली काही पत्ते जगभर मोकळे ठेवण्यात आले, १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे त्यांतलेच. आपल्या घरातही बहुधा हेच असतील, आणि शेजारच्या घरातही, तरी घोटाळा होत नाही. कारण ते दाराबाहेर पडतच नाहीत. आतून पत्र निघाले की दारावरचे यंत्र त्यावर स्वतःचा पत्ता घालते आणि वहीत नोंद ठेवते. उत्तर आले की वही पाहून योग्य बिऱ्हाडाकडे पोचवते. लिनक्समध्ये या सोयीला मास्करेड म्हणत. मास्करेड म्हणजे सोंग! सहा जणांनी मिळून एकाचे सोंग घ्यायचे.

या कामाला नवे यंत्र लागत नसे. टाकून दिलेला ४८६ चालत असे, पडदा नसलेला, टेबलाखाली ढकललेला. कोणाला आत सोडायचे, कोणाला नाही, याचे नियम मालकाने स्वतः लिहायचे. नियम लिहिण्याची पद्धत लिनक्सवाल्यांनी पाच-सहा वर्षांत तीनदा बदलली, १९९६, १९९९ आणि २००१ च्या आवृत्त्यांत, आणि दर वेळी हौशी मंडळींनी कुरकुर करीत सगळे नव्याने लिहून काढले. पण दाराची किल्ली घरातच होती.

नंतर ही सारी यातायात एका छोट्या पेटीत बसवून कंपन्या विकू लागल्या. तिला राउटर म्हणतात. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीचा निळ्या-काळ्या रंगाचा, दोन शिंगांचा बिनतारी राउटर बाजारात आला. २००३ साली काही चौकस लोकांच्या ध्यानात आले, की याच्या पोटात चक्क लिनक्स आहे. मग परवान्याचे काय? उघडे घेतले तर उघडेच द्यायला हवे. मागणी वाढली आणि त्याच वर्षी कंपनीने सोर्स प्रसिद्ध केला. त्या बीजातून २००४ साली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ उभी राहिली: राउटरसाठीच केलेली, कोणीही बदलावी अशी ऑपरेटिंग सिस्टिम. पुढे कंपनीने त्याच नावाच्या नव्या राउटरमध्ये आतली स्मृती कमी करून लिनक्सऐवजी दुसरीच सिस्टिम घातली, तेव्हा गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर लिनक्सचे मॉडेल निराळ्या नावाने पुन्हा काढावे लागले. स्टॉलमन यांच्या प्रिंटरला जे उत्तर मिळाले नव्हते, ते येथे मिळाले.

आपल्या देशात बिनतारीला आणखी एक कुलूप होते. १९३३च्या बिनतारी कायद्याखाली परवान्यावाचून असले यंत्र वापरता येत नसे, त्याच कायद्याखाली एके काळी रेडिओचाही परवाना लागे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या यंत्रांना जानेवारी २००५ मध्ये सूट मिळाली, आणि घरोघरच्या वायफायचा रस्ता मोकळा झाला.

येथवर जे सांगितले ते जगात कोठल्याही गावाला लागू पडेल. पण आपला म्हणून एक प्रश्न निराळाच होता, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मोल आपल्यापुरते तेथेच ठरते. तो प्रश्न अक्षरांचा.

‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरमधून निघाले. अमेरिकन मिशनचे ते पत्र. त्याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात लहानपणी कामाला लागलेले जावजी दादाजी यांनी पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि मराठी टाइपाला देखणे रूप दिले. शिशाचा खिळा विकत घेतला की तो घेणाऱ्याचा. तो झिजला तर वितळवा, हवा तसा पुन्हा ओता. कॉम्प्यूटर आला आणि ही मालकी गेली. १९९०च्या दशकात छापखान्यांत मराठी फॉन्ट आले, पण प्रत्येक कंपनीचा सांकेतिक क्रम वेगळा. एका ठिकाणी जुळवलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला की पडद्यावर भुताटकी! काही फॉन्टांबरोबर तर यंत्राच्या पाठीत खोचायचे खरेखुरे कुलूप येई. ते हरवले की आपलाच मजकूर आपल्याला बंद.

एक समाईक क्रम हवा होता. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ हा क्रम मान्य केला, आणि त्याच्याच आधीच्या आराखड्यावरून जागतिक ‘युनिकोड’मध्ये देवनागरीला जागा मिळाली. पण क्रम ठरला म्हणजे अक्षर उमटले असे नव्हे; अक्षर कोणीतरी काढावे लागते. विंडोज २००० बरोबर जो ‘मंगल’ फॉन्ट आला, तो सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांचा. याच जोशींनी एन.सी.एस.टी.त ‘रघू’ हा फॉन्टही केला आणि तो ग्नूच्या परवान्याखाली खुला झाला. हात एकच, अक्षरे दोन घरांची: एका घराचे झाकण बंद, दुसऱ्याचे उघडे. पुढे रेड हॅट कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून मिळालेल्या अक्षरांवरून ‘लोहित’ फॉन्ट काढले आणि तेही खुले ठेवले.

उघड्या झाकणाचा फायदा काय, तर आपला ‘ऱ’. ‘आचार्यांना जेवू घाला’ आणि ‘आचाऱ्यांना जेवू घाला’ यांत पंगत कोणाची हे त्या एका अर्ध्या र वरून ठरते. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या व्यवस्थेत तो सहज निसटे. ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. मराठी वळण वेगळे, आणि राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात ते नमूद केले आहे. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८ साली, तोवर ‘अ’वर चंद्र चढवून वेळ भागवली जाई, आणि डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द शोधताना यंत्राला सापडत नसे. बंद झाकणाच्या सिस्टिममध्ये अशी चूक दिसली तर अर्ज करायचा आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची. लिनक्समध्ये फॉन्टही उघडा, अक्षरे जुळवणारा भागही उघडा. ज्याला मराठी येते आणि थोडी चिकाटी आहे, त्याला चूक दाखवता येते आणि दुरुस्तीही पाठवता येते. अशाच हातांनी मेनूतले शब्द मराठीत आणले. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘डेबियन’ ही लिनक्सची एक प्रसिद्ध आवृत्ती निघाली, तिच्या स्थापनेच्या सूचना वाचण्याच्या भाषांत मराठीची भर पडली. पवईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्यूटोरियल’मधून लिनक्सचे धडेही मराठीत ऐकवले आहेत.

सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, पण बहुतेक फोनांचे दार बाहेरून असे बंद केलेले असते, की गाभा उघडा असूनही आपल्याला तो बदलता येत नाही. ब्रॉडबँडवाले जी पेटी भिंतीवर बसवून जातात, तिचीही गत पुष्कळदा तीच. सोर्स मागितला तर कागदोपत्री मिळेल. तो त्या पेटीत घालायची सोय नाही. ही नवी अडचण परवान्याने पुरती सुटलेली नाही, आणि ग्नूच्या परवान्याच्या २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत ती सोडवण्याचा प्रयत्न झाला, तर लिनक्सच्या गाभ्याने ती आवृत्ती स्वीकारली नाही.

आपल्याकडे माळ्यावर जुना राउटर पडला असेल तर त्याच्या बुडाशी लिहिलेला मॉडेलचा आणि आवृत्तीचा आकडा आधी नीट वाचावा. नाव तेच असून आवृत्ती वेगळी निघाली, तर आतले यंत्र निराळे असू शकते. नवी सिस्टिम भरताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी, कारण मध्येच दिवे गेले तर ती पेटी वीट होऊन बसते.

आणि राउटरची धडगत वाटत नसेल, तर अक्षरांपासून सुरुवात करावी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्या कळेबरोबर शिफ्ट दाबली की ‘ऱ’ उमटतो. त्यापुढे हलन्त, त्यापुढे ‘य’. अशा रीतीने ‘दऱ्या’ लिहावे, शेजारी ‘दर्या’ लिहावे आणि दोन्ही पडद्यावर वेगळे दिसतात का ते पाहावे. दिसले नाहीत तर दोष आपल्या बोटांचा नाही, फॉन्टचा आहे. लोहित उतरवून घेऊन पुन्हा पाहावे; त्याचा सोर्सही तेथेच मिळतो.